सात ते आठचं इंग्रजी

त्या वर्षांत आमच्या फ्रीगंजात दर तिसऱ्या जिन्यावर इंग्रजी बोलायला शिकवणारा एक क्लास निघाला होता. देशाचे दरवाजे उघडले होते म्हणे. बाहेरून जे कोण येणार होतं त्यांच्याशी उज्जैनमधून मीच बोलायचं, हे बाबांनी ठरवून टाकलं. मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. पण क्लास लावायचं नाव नाही. सरकारी कचेरीत जन्मभर इंग्रजी मसुदे लिहिणारा माणूस घरात असताना टावर चौकातल्या पोराटोरांकडून शिकायचं? एकदम फालतू गोष्ट. घरात रोज सात ते आठ फक्त इंग्रजी बोलायचं, असा हुकूम निघाला.

जेवणंही त्याच तासात व्हायची. बाबांचं इंग्रजी फायलीतलं. पापड हवा असला तरी ते तो आवश्यक कार्यवाहीसाठी मागवायचे, तोवर पापड सादळायचा. मी मनात वाक्य जुळवत बसायची आणि आठ वाजायचे.

बोलायची ती फक्त आई. शेजारणीची चार वर्षांची मुलगी दुपारभर आमच्याकडे असायची. ती कॉन्व्हेंटात जायची आणि घरी येऊन बाहुलीला दटावायची: 'पिक इट अप. पुट इट डाउन. गिव्ह इट टु मी.' आईने सगळं तिच्याकडून उचललं. वस्तूचं इंग्रजी नाव येत नसलं तरी आईचं काही अडायचं नाही. पंखा असो नाहीतर गॅस, 'टर्न इट ऑफ' म्हणून मोकळी. बाबा म्हणायचे, हे इंग्रजी नव्हे, चिल्लर आहे. पुट ऑफ काय, पोस्टपोन म्हणावं माणसाने. आई म्हणायची, अहो, भाजी चिल्लरीनेच येते.

मग माधव नगरात एक नवी नर्सरी उघडली. सगळ्यात लहान मुलांच्या वर्गासाठी त्यांना बाई हव्या होत्या. माझ्या जन्माआधी आई मराठी प्राथमिक शाळेत शिकवायची. हे मला माहीत होतं, पण माळ्यावर जुनी पेटी आहे हे माहीत असतं तसं. कोण वर चढून बघतं? आईला ही नोकरी हवी होती. तिने फॉर्म आणला. बाबा म्हणाले, बघू. आठ दिवस झाले तरी बघूच. सरकारी माणसाच्या 'बघू'चा अर्थ न कळायला आई काही दूधखुळी नव्हती.

फॉर्म द्यायच्या आदल्या संध्याकाळी, सव्वासातला, तिने तो बाबांच्या ताटाशेजारी ठेवला.

"डोन्ट पुट मी ऑफ," ती म्हणाली.

नियम बाबांचाच, तेव्हा उत्तर इंग्रजीत देणं भाग. त्यांच्याजवळ 'विचाराधीन'चं इंग्रजी होतं, 'यथावकाश'चंही होतं. सरळ हो किंवा नाही म्हणायची वेळ कचेरीत कधी आलीच नव्हती. आमटी निवत राहिली. शेवटी त्यांनी मला खुणेने पेन मागितलं.

फॉर्म त्यांनीच भरला. आधीची नोकरी का सोडली, या रकान्यात त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं: 'ओइंग टु अनअव्हॉयडेबल डोमेस्टिक सर्कमस्टन्सेस.' मला तर ते झकासच वाटलं. आईने अर्थ विचारला. मी नियम मोडून मराठीत सांगितलं, टाळता न आलेली घरगुती कारणं.

"मतलब ही," आई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली.

तिने पेन घेतलं, ती ओळ खोडली आणि खाली बाळबोध अक्षरात लिहिलं: 'आय गेव्ह इट अप फॉर माय डॉटर. नाउ आय वॉन्ट इट बॅक.'

बाबांनी एकही चूक काढली नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती शाळा तिला आवडायची का, एवढंसुद्धा मी वीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले. नर्सरीच्या मोठ्या बाईंनी फॉर्म हातात घेतला, तेवढ्या दोन ओळी वाचल्या, चष्मा काढला आणि चक्क हिंदीत विचारलं, कब से आ सकती हैं?

आईने पर्स खुंटीला अडकवली.

"आज से."