चुलीवर वाळवलेलं आकाश

आज सकाळी चित्रांची मोठी फाइल उघडली आणि खोलीभर चुलीच्या धुराचा वास पसरला. बाहेर पाऊस नुकताच थांबलेला, हवा दमट. अशा हवेत जुने कागद आपापले वास सोडतात. बाकीच्यांना बुरशीचा येतो, या एकाला धुराचा. या चित्रात आकाश आहे, भाताची खाचरं आहेत आणि मधोमध, जिथे डोंगर हवा, तिथे नुसता कोरा पांढरा कागद आहे.

चित्र माझ्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंचं. त्या निवृत्त झाल्या, माझेही केस पिकायला लागले, तरी रविवारी पहाटे घडीच्या खुर्च्या काखोटीला मारून आम्ही दोघी नाशिकबाहेर पडायचोच. बाईंचा नियम एकच, पण कडक: चित्र जागेवर संपवायचं, घरी नेलेल्या कागदाला ब्रश लावायचा नाही. मी घरी गुपचूप एखादी सावली गडद केलीच, तर त्या बरोबर पकडत आणि वर म्हणत, "ही सावली दिवाणखान्यातली आहे गं!" गंगेवरचं, म्हणजे आमच्या गोदावरीवरचं, कोवळं ऊन, गंगापूर धरणावरची संध्याकाळ, सगळं त्यांच्या हाताला यायचं. हुलकावणी देत होतं ते फक्त इगतपुरीकडचं ऊन. श्रावणात ढग क्षणभर फाटतो आणि ओल्या डोंगरावर जे पडतं, ते. त्याच्यापायी आम्ही कितीदा भिजून परत आलो!

मग बाईंचं कायमचं लेकीकडे, बंगळुरूला जायचं ठरलं. निघण्याआधी एकच रविवार उरला होता. "आज त्याला सोडायचं नाही," गाडीत बसतानाच त्यांनी जाहीर केलं, आणि मी परीक्षेला निघाल्यासारखे ब्रश पुन्हा एकदा मोजून घेतले.

ओळखीच्या एका शेतकरी मावशींच्या पडवीत आम्ही ठाण मांडलं. डोंगर धुक्यात गडप. बाईंनी आकाश रंगवलं, खाचरं रंगवली, डोंगराची जागा उन्हासाठी राखून ठेवली. पण इगतपुरीच्या हवेत कागद वाळेल तर शपथ! ओल्यावर ओला रंग गेला की सगळा चिखल. शेवटी मावशी म्हणाल्या, "आना इकडं, चुलीवर धरू." आम्ही दोघी आत जाऊन, पापड भाजावा तसा कागद अलगद फिरवत, धुरानं डोळे पुसत बसलो. आणि इतकी वर्षं आभाळाकडे डोळे लावून बसलेल्या आम्ही दोघी, नेमक्या त्याच वेळी आभाळाकडे पाठ करून होतो.

"अवो बाई, भाईर या! डोंगर उघाडला! लय येळ नाय राहायचं त्ये!" मावशी अंगणातून ओरडल्या.

धावलो. समोर डोंगर असा झळाळत होता की मी ओरडलेच. बाईंनी ब्रश रंगात बुडवला, उचलला आणि तो हातातच राहिला. त्या नुसत्या बघत राहिल्या. ढग मिटला. मी म्हटलं, "बाई, आत्ताच पाहिलंय, भरून टाका की." त्यांनी मान हलवली. "गेलं ते आता." परतताना त्यांनी तो कागद माझ्या मांडीवर ठेवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते धुराचं नव्हतं.

आज त्या वासासरशी राहवेना. बाईंना फोन लावला. "बाई, चित्र घेऊन तिथे जाऊ का? डोंगर मी भरते." त्या म्हणाल्या, "घरी ब्रश लावायचा नाही, एवढंच माझं म्हणणं. जागेवर कुणी लावायचा, ते कुठे ठरलं होतं?"

दुपारी मी त्याच पडवीत होते. मावशींकडे आता गॅस आला आहे, समोर रस्त्यापलीकडे एक रिसॉर्टही उभं राहिलंय. डोंगर मात्र तसाच, दडून बसलेला. या खेपेला मी जागची हलले नाही, चहासुद्धा नको म्हटलं. आणि ढग फाटला! हिरवा रंग ब्रशावर घेतला होता, पण समोर हिरवं काही नव्हतंच. ओल्या कातळावरून ऊन असं उसळत होतं की डोंगर कोऱ्या कागदाइतका पांढरा दिसत होता. घाईघाईनं ब्रश धुतला, निळसर करडा रंग घेतला आणि पायथ्याशी सावलीची एक रेघ ओढली. बस्स. वरचा कोरा कागद एकदम ऊन झाला. मी एकटीनंच टाळ्या पिटल्या.

बाईंना व्हिडिओ कॉल करून चित्र दाखवलं. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"काय काय केलंस?"

"एक फटकारा मारला. पायथ्याशी."

"एकच?" त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता पुन्हा चष्मा पुसू लागल्या. "म्हणजे त्या दिवशी एवढंच राहिलं होतं होय!"

फोन ठेवला तेव्हा डोंगर पुन्हा धुक्यात गेला होता. पावसाचे थेंब पडायला लागले. मी चित्र रेनकोटच्या आत, छातीशी धरलं. धुराचा वास अजून येत होता.