माझी नक्कल

गॅदरिंगला आपली नक्कल होत नाही, तोवर आमच्या कॉलेजात कुणी स्वतःला मास्तर समजायचं नाही. नवी होते तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. गडमुडशिंगीहून बसनं कोल्हापूरला यायचे आणि गावची बोली वर्गाच्या दाराबाहेर ठेवायचे. जपून ‘आहे’, जपून ‘नाही’. पण राग आला की सगळं ओमफस!

एकदा मागच्या बाकावर एक पोरगा चक्क घोरत होता. मी टेबलावर हात आपटला नि ओरडले, "काय पावणं, झोप झाली न्हवं? च्या टाकू का?"

त्या वर्षी गॅदरिंगला तोच पोरगा साडी नेसून, पदर खोचून स्टेजवर आला. चाल माझी, हात आपटणं माझं, आणि ते "काय पावणं"! हॉल नुसता लोळला. मला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. उद्याच राजीनामा देणार होते. पण बाहेर मुलींनी गाठलं, "मॅडम, वर्गात पण असंच बोला की!" दुसऱ्या दिवशी मी बोलीला आत घेतलं, ते कायमचंच. देव भलं करो त्या पोराचं.

देवानं केलंही. तो आज आमचा प्राचार्य हाय. आणि गॅदरिंगमधली नक्कल बंद केली तीही त्यानंच. कुणीतरी एका नकलेचा व्हिडिओ पसरवला, पालक भांडायला आले, नक्कल करणारी पोरगी रडून रडून आजारी पडली. त्याला तरी दोष कसा देऊ? पण नवे मास्तर येतात नि जातात, त्यांची एक लकब कुणी टिपत नाही. जीव तुटतो माझा.

गेल्या महिन्यात माझा निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, सगळं. प्राचार्य कागदावरचं वाचत होते, मेल्या माणसाबद्दल बोलतात तसं गोड गोड. मला राहवेना. "ए लेका," सगळ्यांसमोर बोलून गेले, "माझी नक्कल न करताच लावून देतोस व्हय मला?"

त्यानं समोर पाहिलं. जिकडं तिकडं मोबाईल वर धरलेले. मग त्यानं कागद खिशात घातला, माझ्या खांद्यावरची शाल ओढून घेतली, पदरासारखी खोचली नि टेबलावर हात आपटला.

"काय पावणं, झोप झाली न्हवं?"

पोट धरून हसले, आणि हसता हसता रडूच फुटलं. माझा आवाज आता बसलाय, चिरका झालाय. त्याच्या तोंडून आला तो माझा तेव्हाचा होता, त्या नव्या, घाबरलेल्या पोरीचा. एवढी वर्षं त्यानं तो जसाच्या तसा सांभाळला होता.