भाकरीचं वजन

मी शाळेत गणित शिकवते. वीस-बावीस वर्षं पोरांना सांगत आले, आकडा कधी खोटं बोलत नाही. त्यामुळे गेल्या वर्षी डॉक्टरांनी माझा रिपोर्ट पुढं सरकवून "मॅडम, साखर काठावर आहे, आठ किलो तरी उतरवा," असं सांगितलं, तेव्हा मी फारशी घाबरले नाही. खाल्लेलं वजा खर्चलेलं, एवढंच तर उदाहरण होतं. ते मला सुटणार होतं.

पुण्याला शिकणाऱ्या लेकीनं सुट्टीत घरी आल्यावर फोनवर एक अ‍ॅप टाकून दिलं आणि मनगटावर पट्टा बांधला. खाल्लं की मी लिहायचं, चाललं की पट्टा मोजणार. इथल्या मंगळवार पेठेतल्या भांड्यांच्या दुकानातून मी खाणं तोलायला तळहाताएवढा काटाही आणला.

पहिल्याच आठवड्यात डोकं फिरलं. अ‍ॅपमध्ये 'एक वाटी आमटी' होती. कुठली वाटी? आमच्या घरात तीन मापांच्या आहेत. तांबडा रस्सा त्याला ठाऊकच नव्हता, जवळचं म्हणून त्यानं टोमॅटो सूप सुचवलं. आणि स्वयंपाक करताना मी चव बघायला तळहातावर घेतलेलं कुठं लिहायचं? मी तेही लिहायला लागले. नवरा म्हणाला, "तुझ्या मोजण्यापायी माझी भाजी कोरडी झाली." मग त्याच्यासाठी वेगळी फोडणी, माझ्यासाठी वेगळी.

पट्ट्याची तर निराळीच तऱ्हा. मी उभ्या उभ्या भाकऱ्या थापल्या की तो तीनशे पावलं मांडायचा. आणि भाजीच्या दोन जड पिशव्या घेऊन बाजारातून घरापर्यंत आले, घामानं ब्लाउज भिजला, तर त्याच्या लेखी मी जवळपास बसूनच होते. कारण हात हलला नव्हता. रोज सकाळी रंकाळ्याला फेरी मारत होते, शाळेत चहा बिनसाखरेचा पीत होते. पाच आठवड्यांनी वजन अठ्ठ्याहत्तर किलो चारशेवरून अठ्ठ्याहत्तर शंभरवर आलं. पुढच्या रविवारी एकोणऐंशी. मी घरातल्या मोठ्या वजनकाट्यावरून उतरून पुन्हा चढले. एकोणऐंशीच. वर्गात कुणी असलं उत्तर काढलं असतं तर मी वही फेकली असती.

त्याच रविवारी आक्कानं जेवायला बोलावलं होतं. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, जवळच्या गडमुडशिंगी गावात दिलेली. आई लवकर गेली. माझ्या वेण्या आक्कानं घातल्या, मला भरवलं आक्कानंच. चार म्हशींचं शेण-पाणी करून ती अजून काडीसारखी आहे, आणि कुठल्याच काट्यावर ती कधी चढलेली नाही.

मटण होतं. दाजी, माझा नवरा आणि मी पाटावर बसलो. आक्कानं तव्यावरची भाकरी माझ्या ताटात टाकली. मी पर्समधून काटा काढला आणि भाकरी त्यावर ठेवली.

आक्का उलथनं हातात धरून थांबली. "काय बघतीस गं त्यात?"

"किती भरते ते."

"मग किती भरली?"

"एकशे बेचाळीस ग्रॅम."

दाजी हसले. "हिला गुळाच्या सौद्यात वजनं करायला बसवा की!"

आक्का हसली नाही. "माझ्या हातची भाकरी जड झाली व्हय तुला?"

"तसं न्हाई आक्का. साखर वाढलीया माझी. डॉक्टरांनी सांगितलंय."

"मग आधी सांगायचं हुतंस की! मी काय तुला मारायला रांधलंय?"

मी अर्धी भाकरी मोडून बाजूला ठेवली. एरवी "घे की, घे की" म्हणत मागं लागणारी आक्का त्या दिवशी पातेलं घेऊन माझ्यासमोर आलीच नाही. येताना गाडीवर मागं बसून मी जेवण लिहायला फोन उघडला. किती फोडी खाल्ल्या ते आठवेना. चव तरी कुठं आठवत होती? 'चिकन करी, एक वाटी' असं काहीतरी ठोकून दिलं आणि स्वतःचाच संताप आला.

तरी मी सोडलं नाही. हट्ट म्हणा. चार महिन्यांनी रिपोर्ट आला तेव्हा साखर थोडी खाली आली होती, वजन अडीच किलोनं कमी. डॉक्टर खूश. मी विचारलं, "नेमकं कशानं उतरलं?"

"सगळ्यानंच थोडं थोडं," ते म्हणाले. "चालू ठेवा."

सगळ्यानंच थोडं थोडं! एवढ्या उत्तराला मी अर्धा मार्कसुद्धा देत नाही. चार महिने घास न् घास लिहिला, तो हे ऐकायला?

तरीही साखर उतरल्याचं सांगायला मी आक्काकडं गेले, एकटीच. काटा नेला नाही. ती खूश झाली, पाठीवरून हात फिरवला. मग ताट वाढलं. माझ्यासाठी छोट्या पातेल्यात वेगळा रस्सा केलेला, वर तेलाचा थेंब नाही. काकडीच्या चकत्या. आणि भाकरी अर्धी, तिनं आधीच मोडून ठेवलेली. शेजारी दाजींच्या ताटात तव्यावरची फुगलेली भाकरी पडली, तिची वाफ माझ्यापर्यंत आली.

"पुरंल न्हवं तुला?" आक्कानं विचारलं. पावण्याला विचारतात तसं. तिनं मला आयुष्यात असं कधी विचारलं नव्हतं.

मला आणखी अर्धी हवी होती. भूक होती, आणि त्या दिवशीच्या हिशेबात ती अर्धी बसतही होती.

"पुरंल की," मी म्हटलं, आणि काकडी खायला लागले.