प्रायव्हेट म्हणजे शिपाई

मित्रांनो, आज अमळनेरच्या एका शाळेत सतरा नंबरचा फॉर्म द्यायला गेलो होतो. नववीत शाळा सुटली, आता बाहेरून दहावीला बसतोय. एकही स्पेलिंग चुकू नये म्हणून फॉर्म चार वेळा तपासला होता.

खिडकीतले क्लार्क मोठ्याने म्हणाले, “प्रायव्हेटवाला ना? मागे थांब. आधी आमची रेग्युलर मुलं.”

रांग हसली.

हा शब्द मी डिक्शनरीत पाहिला होता. तोंडून निघूनच गेलं, “सर, इंग्रजीत साध्या सैनिकाला, शिपायाला प्रायव्हेट म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ, ज्याला कुठलंही पद नाही तो. पण लढतो तोच.”

“शिपाई का? मग जा, पाणी भरून आण!”

दाराशी बसलेले शाळेचे शिपाई नाना उठले. स्वतःचं स्टूल माझ्याकडे सरकवून म्हणाले, “बस भाऊ. मी बी शिपाईच शे. पाणी मी आणस.”

मी बसलो नाही. पावती हातात पडेपर्यंत खिडकीशीच उभा राहिलो.

पावतीवर ‘प्रायव्हेट’ लिहिलंय, स्पेलिंग बरोबर आहे. आता ते मी लपवणार नाही.

तुमच्यात अजून कोण कोण प्रायव्हेट आहे? कमेंटमध्ये फक्त ‘हजर’ लिहा.