काकांची अठ्ठावीस बोअर

मी नोकरीसाठी परदेशी आलो होतो. चोआ चू कांग भागातल्या आमच्या ब्लॉकमध्ये लिफ्टची वाट पाहताना शेजारचे काका मिटलेली छत्री बंदुकीसारखी खांद्याला लावून डावीकडून उजवीकडे फिरवत. खांदा दुखू लागल्यापासून त्यांनी जड बारा बोअर सोडून हलकी, बारीक नळीची अठ्ठावीस बोअरची बंदूक घेतली होती.

"जड नळी आपल्याच वजनानं पक्ष्याच्या पुढे जाते. ही हलकी नळी चाप ओढताच थांबते आणि छर्रे मागे राहतात. हात फिरताच ठेवायचा, कळलं?"

मी कधी बंदूक धरलेली नव्हती, तरी "हो काका" म्हणायचो.

सरकारी परवानगीने कावळे मारणाऱ्या गटात ते एकटेच मराठी होते. एका शनिवारी मी सोबत गेलो, तेव्हा चिनी गटप्रमुख मला म्हणाला, "नव्या बंदुकीनं अंकलना अजून एकही मिळाला नाही. आजही नाही, तर गटातून बस लाह." वाक्याच्या शेवटी 'लाह' जोडायची तिथली लकबच होती.

पहिला कावळा निसटला. दुसरा मैदानावरून आडवा आला आणि काकांचा हात सुरेख फिरू लागला. तेवढ्यात पलीकडे एक बाई रस्ता अडवायला लावलेली पट्टी ओलांडून सायकलवर आली. काकांनी बंदूक खाली घेतली, उघडली आणि काडतूस काढून खिशात टाकलं.

"सोपा होता, अंकल," कोणीतरी हसलं.

गटप्रमुखाने बाईला पाहिलं होतं. "पुढच्या शनिवारी सात वाजता," तो काकांना म्हणाला. "हीच बंदूक आणा."

रविवारी गावी फोन केला. वडिलांनी नोकरीचं विचारायच्या आत मी काकांचं सांगितलं, आणि ते आमच्याच मजल्यावर राहतात हे दोनदा सांगितलं.