मॅडमना गेलेले अर्ज

लग्नाला सात महिने झाले. एवढ्या काळात मैत्रिणींकडे नवर्‍याबरोबर फिरायला गेल्याचे फोटो जमले, माझ्याकडे माहिती अधिकाराचे किस्से जमले. असलं काही कोणी ठरवून जमवत नाही. दर रविवारी पडवीत एखादा घडतो, चहा देताना मी तो ऐकते आणि आत येऊन एकटीच हसते. किंवा जळते. बहुतेक वेळा जळतेच!

आमचे हे रसायनीला एका कंपनीच्या लॅबमध्ये आहेत. आठवडाभर शिफ्ट, आणि रविवारी कुंभिवलीच्या घरी लोकांना सरकारी कागद मागायचे अर्ज लिहून द्यायचे. फुकट. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी मी नवी साडी नेसून बाहेर आले, तर दारात चपलांचे अकरा जोड!

"आई, हे नेहमी असंच?" मी सासूबाईंना विचारलं.

"नाय गं वैशाली, रविवारचंच. तो सरकारला इचारतो. आन् आपून त्याला काय इचारायचं नाय."

*

त्या दिवशी पहिला नंबर शेजारच्या पार्वतीकाकूंचा. पाण्याच्या टाकीच्या कामाचे कागद हवे होते. पण त्या टाकीवरून रस्त्यावर गेल्या, रस्त्यावरून रेशनवर, रेशनवरून सुनेवर.

हे शांतपणे म्हणाले, "काकू, अर्ज दीडशे शब्दांत बसवायचा. आणि एका अर्जात विषय एकच. नियम आहे तो."

काकूंनी क्षणभर विचार केला. "मंग टाकीचं र्‍हाऊं दे रं. सुनेचाच लिव!"

हे पोट धरून हसले. आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये एका फोटोत तरी हे असे हसलेत का, ते मी दुपारी बसून तपासलं. नाहीत.

*

तात्या म्हणजे यांचे चुलते. जमिनीचा जुना फेरफार मागायचा होता, पण ऑफिसची भीती. "कशाला पायजे म्हून इचारलं तर?"

"विचारता येत नाही, तात्या. माहिती का पाहिजे, ते सांगायची गरज नाही. कायद्यातच आहे तसं."

तात्यांना कायदा भलताच आवडला. त्या संध्याकाळी चौक गावच्या ढाब्यावर बसून उशिरा घरी आले. काकी दारातच उभ्या. "कुठं हुता?"

"कारण सांगायची गरज नाय!"

काकींनी भाकरीची टोपली उचलून फडताळात ठेवली आणि कडी लावली. "मंग जेवान का नाय, त्ये पन इचारायचं नाय."

तात्या आमच्याकडे येऊन जेवले. यांनी स्वतः ताट वाढलं, स्वतः समजूत घातली, अर्धा तास! मी जेवायची थांबले होते, ते कोणाच्या लक्षातही नव्हतं.

*

गावातल्या एका मुलीचा बी.कॉम.चा पेपर गेला. वडील म्हणाले, विद्यापीठानं घोळ केलाय, माझी पोरगी हुशार हाय. बसस्टॉपपासून देवळापर्यंत सगळ्यांना सांगून झालं. यांनी उत्तरपत्रिकेच्या प्रतीसाठी अर्ज लिहून दिला आणि पुढे महिनाभर पोस्टमनच्या मागे लागले.

प्रत आली. वडिलांनी पडवीत, सगळ्यांसमोर, पाकीट फोडलं. पहिली दोन पानं भरलेली. पुढची सगळी कोरी. शेवटच्या पानावर तेवढं एक सुबक गुलाबाचं फूल.

वडिलांनी पानं परत पाकिटात घातली. मग वडील हळूच म्हणाले, "ही म्हायती परत करता येते का रं?"

मुलगी रडत होती. यांनी तिला सव्वा तास समजावलं, पुढच्या परीक्षेचा तक्ता आखून दिला. मला वाटलं, मीही एखाद्या पेपरात नापास व्हायला हवं होतं.

*

पण या सगळ्यांचं काही नाही. माझं खरं दुखणं म्हणजे मॅडम.

खालापूरच्या एका ऑफिसात या मॅडम जन माहिती अधिकारी आहेत. गावच्या कामांसाठी हे स्वतःच्या नावानेही अर्ज करतात, ते बहुतेक त्यांच्याकडेच जातात. उत्तर आलं की हे चहा गार करून वाचतात. "बघ, काय उत्तर दिलंय! मुद्देनिहाय! एक मुद्दा सोडलेला नाही!" मी केलेल्या पोह्यांबद्दल आजवर एकही मुद्दा आलेला नाही.

आणि दर अर्जाखाली, 'आपला विश्वासू'. मला मेसेज येतो, 'दूध आण'.

माझ्या वाढदिवसाला कर्जतला साडी घ्यायला निघालो होतो. मध्येच गाडी उलटी वळली, खालापूरकडे. "दहाच मिनिटं गं. फाइल बघायला आजचीच तारीख दिलीय." मी बाहेर बाकावर. दार उघडंच होतं. निळी साडी, माझ्याहून दोनतीन वर्षांनीच मोठ्या असतील. हे घामाघूम होऊन पानं उलटत होते, तर मॅडमनी टेबलफॅन स्वतःकडून यांच्याकडे वळवला!

साडी मी लाल घेतली. निळी दाखवणार्‍या दुकानदाराला हातानेच नको म्हटलं.

*

त्या रात्री झोप नाही. हे मॅडमना लिहितात तरी काय? विचारावं, तर तोंड उघडेना. दुसर्‍या दिवशी हे शिफ्टला गेल्यावर मी कागद घेतला. सहा महिने ऐकत होते, एव्हाना सगळं पाठ होतं. विषय एकच. अमुक नावाच्या अर्जदाराने आपल्याकडे केलेले सर्व अर्ज आणि त्यांना आपण दिलेली उत्तरे, यांच्या प्रती मिळाव्यात. स्टॅम्प लावला, चौकच्या पोस्टातून रजिस्टर केला. कोणाला कळायचं कारण नव्हतं.

आठवड्याभरात पोस्टमन आला. ऑफिसचं पाकीट, पण माझ्या नावाचं नव्हतं. यांच्या नावाचं! मी सही करून घेतलं आणि चुलीपाशी बसून फोडलं.

'आपण त्रयस्थ पक्ष असल्याने कळविण्यात येते की, आपल्याशी संबंधित माहिती सौ. वैशाली यांनी मागितली आहे. ती देण्याबाबत आपले म्हणणे दहा दिवसांत लेखी सादर करावे.' खाली मॅडमची सही.

आता चुलीत घालावं, तर सरकारी कागद. संध्याकाळी मी तो चहाच्या कपाखाली ठेवला. यांनी वाचला. माझ्याकडे पाहिलं. परत वाचला. मग पेन मागितलं आणि भिंतीकडे तोंड करून लिहीत बसले.

"काय लिवतो रं?" सासूबाईंनी विचारलं.

"माझं म्हणणं."

वीस दिवसांनी माझं पाकीट आलं. जाडजूड! गटार, टाकी, शाळेची कौलं, परत गटार. सगळ्यात खाली यांच्या म्हणण्याची प्रत, मॅडमच्या शिक्क्यासकट:

'अर्जदार माझी पत्नी आहे. तिला सर्व माहिती देण्यास माझी हरकत नाही. मात्र तिने केलेल्या अर्जाची एक प्रत मलाही मिळावी. तिचे अक्षर मी अद्याप पाहिलेले नाही.'