शेवटचा नळ

आमच्या गल्लीत त्यांना गुलाबराव म्हणत. हे त्यांचे खरे नाव नव्हे. पाणीपुरवठा विभागात नळाच्या पाण्यातील क्लोरीन तपासण्याचे काम त्यांच्याकडे होते. काचेच्या छोट्या नळीत पाणी घ्यायचे, त्यात एक गोळी टाकायची, नळी हलवायची आणि वाट पाहायची. पाणी गुलाबी झाले तर जंतू मारण्याइतके औषध त्यात आहे. जसेच्या तसे राहिले तर नाही. ते नळी आभाळाकडे धरीत, एक डोळा मिटीत आणि ‘आलं’ असे म्हणत. या एका शब्दावर शहर पाणी पीत होते.

मी त्यांच्या समोरच्या घरात राहतो. विभागाकडे सर्वाधिक तक्रारअर्ज केलेला नागरिक अशी माझी ख्याती आहे. गल्लीने मलाही एखादे नाव ठेवले असणारच. ते माझ्या तोंडावर कोणी घेत नाही, इतकेच.

गुलाबराव पाणी तपासत ते एका शिंप्याच्या दुकानाबाहेरील नळावर. विभागात या नळाला ‘शेवटचा नळ’ म्हणतात. हे नाव पडले त्या काळी शहर खरोखरच तिथे संपत असे. दुकानामागे मोकळा माळ होता आणि जलवाहिनीचे टोक शिंप्याच्या पायरीपाशी बुजवलेले होते. टोकाला औषध पोहोचले म्हणजे आधीच्या सगळ्यांना पोहोचले, हा विचार तेव्हा रास्तच होता. पुढे माळावर घरे झाली, घरांमागे गल्ल्या झाल्या, गल्ल्यांमागे आणखी गल्ल्या. वाहिनीला तुकडे जोडत नेले. काही गटाराच्या कडेने, काही गटारातूनच. आज शिंप्याचे दुकान भर बाजारात आहे आणि वाहिनीचे खरे टोक आमच्या गल्लीत, सांडपाण्याच्या नाल्याला लागून असलेल्या भिंतीशी आहे. शेवटचा नळ मात्र अजून तोच. शहर पुढे सरकले, शेवट जागेवर राहिला, आणि त्यात कोणाला काही खटकले नाही.

शिंप्याकडे गुलाबरावांना रोज चहा मिळे. मी एकदा शर्ट घ्यायला गेलो असता हा सोहळा पाहिला आहे. शिंप्याने शिलाई यंत्रावरून मान वर न करताच विचारले, “काय, फुलला का गुलाब?”

“फुलला. तुमच्याकडे न फुलून सांगतो कुणाला!”

“रोज रोज बघू नका हो, दृष्ट लागेल माझ्या नळाला.”

“लागली तर नळी आहे ना. आधी मलाच कळेल.”

दोघेही हसले. गुलाबरावांनी नळी धुऊन बनियनच्या टोकाने पुसली आणि चष्म्याच्या घराएवढ्या डबीत ठेवली. हातात खोट नव्हती, कामात कुचराई नव्हती. मनुष्य प्रामाणिक होता. हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो, कारण पुढे गल्लीत जे बोलले गेले त्यात हे कोणी म्हटले नाही.

त्यांच्या पत्नीला सगळी गल्ली वहिनी म्हणे. सकाळी पाणी सुटले की बायका आपापल्या ओट्याजवळच्या नळांशी हंडे-बादल्या घेऊन उभ्या राहत आणि आधी वहिनींच्या दाराकडे पाहत. वहिनी पदर खोचून बाहेर येत, स्टीलचा एक पेला नळाखाली धरीत आणि उभ्या-उभ्याच, सगळ्यांच्या देखत, घटाघट पिऊन टाकीत. मग पेला झटकून म्हणत, “भरा गं.” त्यानंतर गल्ली भरायला लागे. पाणी गढूळ असेल त्या दिवशीही पेला चुकत नसे. “पाइप धुतला जातोय,” असे त्या सांगत, “दोन बादल्या जाऊ द्या, येईल चांगलं.” त्या घरात पाणी कधी उकळले गेले नाही. नवरा ज्या पाण्याची ग्वाही देतो ते पाणी बायकोने चुलीवर चढवायचे म्हणजे नवऱ्याला चारचौघांत खोटे पाडायचे, असा त्यांचा हिशेब होता. वहिनी उकळत नाहीत म्हटल्यावर गल्लीही उकळेनाशी झाली.

उकळायचो आम्ही. त्यावरून माझ्या पत्नीला ऐकून घ्यावे लागे.

“काय गं, तुमच्याकडे गॅस फुकट येतो की काय?” वहिनी ओट्यावरून विचारीत.

“नाही हो वहिनी, यांच्या पोटाला जरा...”

“पोटाला काही नाही झालेलं. अर्ज लिहून लिहून डोक्याला झालंय.”

बायका हसत. त्यानंतर आमच्या घरी पातेले चढे ते स्वयंपाकघराची खिडकी लावून घेऊन. आपल्याच घरात, आपल्याच पाण्यासाठी, चोरासारखे.

माझ्या अर्जांना उत्तरे येत. ती टपालाने पाठवण्याऐवजी साहेब गुलाबरावांच्याच हाती देत. एकाच गल्लीत राहता, तेव्हा जाता जाता द्या. अशा रीतीने ज्या माणसाच्या कामाविषयी तक्रार, तोच माणूस तिचे उत्तर घेऊन दारात उभा राही आणि ओशाळून म्हणे, “सर, तुमचं आलंय.”

उत्तर कायम एकच असे: वाहिनीच्या शेवटच्या टोकास क्लोरीनचे प्रमाण योग्य आढळले, सबब पाणी पिण्यास योग्य आहे.

“शेवटचं टोक म्हणजे कुठलं हो, गुलाबराव?”

“शिंप्याचं.”

“त्याच्या पुढे माणसं राहतात की नाही?”

“राहतात की. आपणच राहतो.”

“मग शेवट कुणाचा?”

त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. “राहायला आपण शेवटी, सर. पण नळ तोच शेवटचा.”

मला त्यांची चीड आली नाही. चीड पूर्वी येत असे. पुरेसे अर्ज लिहिले की ती निघून जाते आणि फक्त हस्ताक्षर उरते.

उन्हाळा संपता संपता गल्लीत ताप सुरू झाला. आधी भिंतीजवळच्या घरात, मग त्याच्या शेजारी, मग वहिनींना. त्यांनी तो अंगावर काढला. सकाळी पेला घेऊन बाहेर येत होत्या, पिऊन ‘भरा गं’ म्हणत होत्या आणि आत जाऊन पडत होत्या. शेवटी एके दिवशी नळाशीच बसल्या आणि उठता येईना. मी आणि गुलाबरावांनी त्यांना दवाखान्यात नेले, त्यामुळे पुढचे मी स्वतः ऐकले आहे.

डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा निकाल पाहिला. विषमज्वर, म्हणजे टायफॉइड. फार दिवस अंगावर काढल्याने आतड्याला इजा झाली असावी, असे त्या म्हणाल्या. मग नेहमीचा प्रश्न विचारला, “पाणी उकळून पिता का?”

वहिनींना बोलवत नव्हते, तरी बोलल्या. “आमचे हे पाणी तपासतात. पाणीपुरवठ्यात आहेत.”

डॉक्टरीणबाईंनी गुलाबरावांकडे पाहिले. गुलाबरावांनी डबी असलेल्या खिशावर हात ठेवला.

“तपासू देत. तुम्ही उकळूनच प्यायचं. बाहेर गेल्यावरही. हे पुन्हा झालं तर आतडं फुटेल, मग माझ्या हातात काही राहणार नाही. कळतंय ना?”

वहिनींनी मान वळवली. बाई बाहेर गेल्यावर नवऱ्याला म्हणाल्या, “ऐकू नका. मी घरी आले की नेहमीचंच पिणार आहे.”

“अगं, त्या डॉक्टर आहेत.”

“मग तुम्ही कोण आहात? आपल्या घरात पातेलं चढलं की समोरच्यांना काय सांगू?” समोरचा मी तिथेच स्टुलावर बसलो होतो; त्यांना त्याचे भान नव्हते, किंवा असेल. “इतकी वर्षं सकाळी उठून जाता. ते कशाला जाता, असं विचारतील. विचारतील की नाही?”

गुलाबरावांनी उशाशी ठेवलेला पाण्याचा तांब्या उचलला आणि पुन्हा ठेवला. बायकोने घरी येऊन तो पेला पुन्हा भरला तर ती जगेल याची खात्री नाही, आणि भरू नकोस म्हणायचे तर आपल्या नोकरीतला एकेक दिवस तिच्यासमोर खोडावा लागेल. माणसाला यातले एक निवडायला फारसा वेळ लागू नये, असे बाहेरच्याला वाटते.

दुसऱ्या दिवशी पाणी सुटले तेव्हा त्यांनी मला हाक मारली. “सर, जरा येता का?”

ते त्यांच्या घरच्या नळाशी बसले होते. नळीत पाणी घेतलेले, डबी उघडी. इतक्या वर्षांत ती डबी घरात उघडली गेली नव्हती. सरकारी गोळी सरकारी नळासाठी, घरच्या कौतुकाला नाही, हा त्यांचा नियम. त्यांनी गोळी टाकली, नळी हलवली, आभाळाकडे धरली, एक डोळा मिटला. पाणी जसेच्या तसे होते. त्यांनी दुसरा डोळा मिटून पाहिले. मग आणखी एक गोळी.

“गोळ्या जुन्या असतील,” ते म्हणाले.

त्याच गोळ्या घेऊन आम्ही दोघे शिंप्याकडे चालत गेलो. वाटेत ते एकदाच बोलले, “आज उशीर झाला.” शिंप्याच्या नळाखाली नळी धरली. गोळी पडल्याबरोबर पाणी गुलाबी झाले, अगदी छान.

“फुलला का?” शिंप्याने विचारले.

“फुलला,” गुलाबराव म्हणाले, आणि चहा न घेता कार्यालयाकडे वळले.

कार्यालयात काय झाले ते त्यांनी मला संध्याकाळी सांगितले, एखाद्या तिऱ्हाइताची हकीकत सांगावी तसे. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतले. घरचा नळ तपासायला कोणी सांगितले होते, असे विचारले. शेवटचा नळ बदलायचा तर तसा ठराव व्हावा लागतो, ठरावाला प्रस्ताव लागतो, आणि प्रस्ताव वरून यावा लागतो, हे समजावले. मग म्हणाले, “बायकोला सांभाळा. रजा हवी तर घ्या.” साहेब वाईट नाहीत. माझ्या अनुभवात त्या खुर्चीवर वाईट माणूस कधीच बसलेला नव्हता.

मी लगेच अर्ज लिहिला. आता हाताला सवय आहे.

वहिनींना त्यांनी कसे सांगितले ते मी पाहिले. मी फळे घेऊन गेलो होतो. गुलाबराव खाटेशी बसून वहिनींच्या चादरीची शिवण बोटाने सारखी करीत होते. बराच वेळ करीत होते.

“आपल्या नळाला येत नाही,” ते म्हणाले.

“काय येत नाही? पाणी?”

“गुलाबी.”

वहिनी त्यांच्याकडे पाहत राहिल्या. तापाने त्यांचे केस विरळ झाले होते; चेहरा ओळखीचा होता, पण लहान झाल्यासारखा.

“कधीपासून?”

“कधी बघितलंच नव्हतं.”

“शिंप्याकडे?”

“तिथे येतं.”

त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या. रडल्या नाहीत. मी फळे खिडकीत ठेवली आणि निघालो. गुलाबराव पुन्हा चादरीची शिवण सारखी करू लागले होते.

वहिनी घरी आल्या. पहिले काही दिवस त्यांच्या घरी पाणी कसले प्यायले जात होते हे गल्लीला कळले नाही, कारण त्यांच्याही स्वयंपाकघराची खिडकी बंद असे. माझ्या पत्नीने ती बंद खिडकी पाहिली आणि आमची उघडली.

दरम्यान गल्ली पीत होती. पेला नसल्याने बायका थोड्या घुटमळत, पण मग भरीत. भिंतीजवळच्या घरात ताप दुसऱ्यांदा आला होता.

मग एके सकाळी पाणी सुटले आणि वहिनी पेला घेऊन बाहेर आल्या. चालणे अजून धड नव्हते, एक हात भिंतीला होता. बायकांना बरे वाटले. “आल्या बाई आमच्या वहिनी,” कोणीतरी म्हणाले, “चला, आता पाणी गोड लागेल.” गुलाबराव कामावर निघाले होते, खांद्याला पिशवी, खिशात डबी. ते दारातच थांबले.

वहिनींनी पेला नळाखाली धरला आणि काठोकाठ भरला. सगळ्यांनी पाहावे इतका वेळ हातात धरला. मग वाकून गटारात ओतला.

“उकळून घ्या गं,” त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता. “सगळ्याजणी. पोरांना तर बिनउकळलेलं देऊच नका.”

माझ्या सगळ्या अर्जांत हेच एक वाक्य होते. इतके नीट मात्र ते मला कधी लिहिता आले नव्हते.

नळ चालूच होते. एका बादलीतून पाणी वाहू लागले तरी कोणी ती सरकवली नाही. भिंतीजवळच्या घरातली सून हंडा कमरेवर तसाच धरून होती. तिने एकदा गुलाबरावांकडे पाहिले, एकदा वहिनींकडे.

“पण वहिनी, मग हे रोज सकाळी जातात ते काय तपासतात?”

वहिनींनी पेला झटकला. नवऱ्याकडे पाहिले नाही.

“शिंप्याचं पाणी,” त्या म्हणाल्या.

कोणी हसले नाही. गुलाबरावांनी खांद्यावरची पिशवी सारखी केली, बायकांच्या बादल्यांमधून वाट काढली आणि ते गल्लीच्या तोंडाकडे चालू लागले. त्यांना उशीर झाला नव्हता. त्या दिवशीही शिंप्याच्या नळाला गुलाबी आले. तसे मला संध्याकाळी कळले, कारण ते माझ्या अर्जाचे उत्तर घेऊन आले होते.